क्षमेच्या सोहळ्याची पुस्तिका : एक परीक्षण
समेटाच्या संस्काराच्या, म्हणजे पापांची कबुली देऊन देवाची क्षमा स्वीकारण्याच्या ख्रिस्ती संस्काराच्या, सामुदायिक विधीसाठी तयार केलेली ही छोटी पुस्तिका हाताळताना सर्वप्रथम नजरेत भरते ती तिची मांडणी. कॅथलिक चर्चच्या १९७३ च्या विधिसंहितेतील दुसऱ्या प्रकारानुसार शास्त्रवाचन, आत्मपरीक्षण, प्रत्येकाचे धर्मगुरूपाशी स्वतंत्र पापनिवेदन व क्षमादान, आणि शेवटी सर्वांनी मिळून केलेली ईशस्तुती, असा क्रम तिने चोख पाळला आहे.

आत्मपरीक्षणाचे प्रश्न हा तिचा सर्वांत सकस भाग होय. दहा आज्ञांची नुसती उजळणी न करता ‘ज्याचे देणे लागतो, त्याला मी टाळतो का?’ असे थेट विचारल्यामुळे सराईत उत्तरे देऊन सुटका होत नाही. प्रश्नांमधली कोरी जागाही, कागदाची उधळपट्टी वाटली तरी, विचार करायला उसंत देते.

वाचनासाठी बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायाची, म्हणजे घर सोडून गेलेल्या आणि बापाकडे परतलेल्या उधळ्या मुलाच्या दाखल्याची, निवड योग्यच आहे. मात्र वाचन धाकट्या मुलाच्या पश्चात्तापाशीच तोडले आहे, ही मला गंभीर उणीव वाटते, कारण उत्तम झगा, अंगठी, जोडे, पोसलेले वासरू आणि मेजवानी हे सारे त्यानंतरच येते, आणि रुसून बाहेर उभा असलेला थोरला भाऊही तिथेच भेटतो. क्षमा साजरी करायची, तर नेमका तोच भाग गाळून कसे चालेल?

आभाराच्या प्रार्थनाही त्यामुळे उरकल्यासारख्या वाटतात. बायबलमधील पश्चात्तापाचे स्तोत्र ५१ संपूर्ण दिले आहे. क्षमा मिळालेल्याला धन्य म्हणणारे ३२ वे मात्र नाही. अक्षर ठळक, बांधणी बेताची. पहिल्यांदाच पापनिवेदनाला जाणाऱ्यांनी ती निःसंकोच घ्यावी; विधी चालवणाऱ्यांनी उरलेले वाचन वेगळे जोडून घ्यावे.