एसी सर्व्हिसिंग: पहिल्याला घालवला, दुसरा एकदम भारी

एसीतून पाणी टपकायला लागलं आणि थंडही होईना म्हणून एकाला बोलावलं, तर साहेबांनी कव्हरही न उघडता सांगितलं गॅस संपलाय, भरावा लागेल. अरे गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? कमी झालाच तर कुठेतरी लीक असतो, तो न शोधता नुसता भरला की परत बोंब. हात जोडले त्याला.

दुसरा ओळखीतून मिळाला. त्याने आधी फिल्टर काढून दाखवला, धुळीची अक्षरशः गोधडी झालेली (चूक माझीच, वापर असताना २-३ आठवड्यांनी धुवायचा असतो, मी वर्षभर हात लावला नव्हता). हवाच जात नव्हती म्हणून कॉईलवर (आतल्या गार होणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरत होता, वर ड्रेन पाईप चिकट घाणीने तुंबलेला. खाली प्लास्टिक बांधून जेट पंपाने इनडोअर आउटडोअर दोन्ही धुतलं, भिंतीला एक डाग नाही! मग गेज लावून प्रेशर बघितलं, गॅस व्यवस्थित होता. आता २४ वर ठेवला तरी खोली मस्त गार होते. फक्त दीड तास उशिरा आला आणि फोन पण केला नाही, तेवढा १ स्टार कापला.