हॉर्स कॅम्पच्या नावाने १,०२४ डॉलरचा चुना

घोड्यांसकट मुक्काम करायची जागा, म्हणजे हॉर्स कॅम्प, बुक करायला गेलो आणि फसलो. आधी हिशेब. बँकेला, पोलिसांना आणि नातेवाइकांना सांगून सांगून तो आता तोंडपाठ झालाय. दोन साइट (गाडी-ट्रेलर लावून राहायच्या जागा), प्रत्येकी रात्रीला ४८ डॉलर, चार रात्री: ३८४. पाच घोड्यांचे कॉरल (घोडे ठेवायचे कुंपणाचे वाडे), घोड्यामागे रात्रीला १५: ३००. ‘लीद उचलण्याची अनामत’, म्हणे जाताना परत: १५०. तणमुक्त प्रमाणित गवताचे दहा गठ्ठे, १९ ला एक, ‘तुम्ही यायच्या आत कॉरलपाशी उतरवून ठेवतो’: १९०. एकूण १,०२४ डॉलर, बँकेच्या झटपट पैसे पाठवायच्या ॲपवरून, एकाच फटक्यात. त्या पत्त्यावर निघालं काय? कुलूपबंद फाटक आणि पलीकडे कापणीला आलेलं गवताचं शेत. आपल्या जमिनीवर कॅम्पग्राउंड ‘चालतं’ हे त्या शेताच्या मालकाला आमच्याकडून कळलं.

फसवणुकीचा साचा नवा नाही. जाहिरात, गोड बोलणं, ‘आणखी एक गट विचारतोय’, मग पैसे, मग बंद फोन. भाड्याच्या घरांबाबत हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. अमेरिकेत घोडे घेऊन मुक्कामाला जाणाऱ्या आपल्या मंडळींना यात वेगळं काय असतं, ते सांगायचंय.

‘एवढे शिकलेले लोक, फसलात कसे?’ असं विचारणाऱ्यांनी आधी घोड्यांसकट राहायची जागा शोधून दाखवावी. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये सुमारे ५५० मैलांच्या वाटा घोड्यांना खुल्या आहेत. पण गाडी-ट्रेलर नेता येतील असे उद्यानाचे हॉर्स कॅम्प पाचच: अँथनी क्रीक, बिग क्रीक, कॅटालूची, राउंड बॉटम आणि टो स्ट्रिंग. प्रत्येक ठिकाणी साइट बोटांवर मोजण्याइतक्या, टो स्ट्रिंगला तर दोनच. सप्टेंबर २०२४ च्या हेलन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलिनाच्या बाजूला, विशेषतः कॅटालूचीकडे, रस्त्यांची जी दैना केली ती वेगळीच. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या संकेतस्थळावर तारखा मिळाल्या नाहीत की माणूस खासगी कॅम्पकडे वळतो, आणि हे चोर नेमके तिथे टपून असतात. एकटा माणूस मोटेल गाठेल, गाडीत झोपेल. हजार पौंडांचं जनावर रात्रभर ट्रेलरमध्ये उभं ठेवता येत नाही. त्याला तिथे आडवं होता येत नाही. डोकं उंच बांधलेलं राहिलं तर नाका-घशातली घाण खाली उतरत नाही, छातीत जाते आणि त्यातून न्यूमोनियापर्यंत वेळ येते. म्हणून जागा दिसली की हात लगेच खिशाकडे जातो. हा लोभ नव्हे, नाइलाज आहे, आणि त्या नाइलाजावरच हा धंदा उभा आहे.

आता जिथे मनात पाल चुकचुकायला हवी होती ती जागा. आठवलं की अजून डोकं फिरतं.

त्या चोराने घोड्यांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

खऱ्या हॉर्स कॅम्पला फोन लावून बघा. पैशांचं नाव निघायच्या आधी तुमचीच उलटतपासणी सुरू होते. घोडे किती? त्यात स्टॅलियन, म्हणजे खच्ची न केलेला नर, आहे का? (बऱ्याच ठिकाणी नेता येत नाही, किंवा लांबचं कॉरल देतात.) ट्रक आणि ट्रेलर मिळून लांबी किती? कोणत्या राज्यातून येताय? कॉगिन्स कोणत्या तारखेची? अंधार पडायच्या आत पोचताय ना? यातला प्रत्येक प्रश्न मालकाच्या पोटापाण्याचा आहे. कॉगिन्स म्हणजे इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया या घोड्यांच्या विषाणूजन्य आजाराची रक्तचाचणी. हा विषाणू घोडमाश्यांच्या चाव्यातून आणि एका घोड्याची सुई दुसऱ्याला वापरल्यामुळे पसरतो. त्यावर उपचार नाहीत. बाधित घोड्याला एकतर मारावं लागतं, नाहीतर जन्मभर इतर घोड्यांपासून किमान २०० यार्ड लांब ठेवावं लागतं. एका बाधित घोड्यापायी अख्खा कॅम्प बंद पडू शकतो. म्हणून खरा मालक १२ महिन्यांच्या आतला निगेटिव्ह अहवाल बघितल्याशिवाय फाटक उघडत नाही. राज्याची हद्द ओलांडली असेल तर पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्रही बघतो, ते साधारण ३० दिवसच चालतं.

आमचा ‘मालक’ काय म्हणाला? ‘कॉगिन्स असेल तर फोटो पाठवा, नसेल तरी हरकत नाही.’ ऐकताना ते सौजन्य वाटलं. पाच जणांच्या कागदपत्रांची जमवाजमव करून कंटाळलेल्या माणसाला ते सौजन्यच वाटणार! ट्रेलरचं विचारलं तर ‘कुठलाही आणा’. राहण्याची सोय असलेला तीन घोड्यांचा गूजनेक ट्रेलर आणि पुढे ट्रक धरला तर पन्नास फुटांच्या आसपास जातो. तो वळवायला मोठा गोल रस्ता लागतो, नाहीतर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशी साइट. ज्याच्याकडे खरंच जागा आहे त्याला आपला वळसा किती फुटांचा ते झोपेतही सांगता येतं. ‘कुठलाही आणा’ याचा अर्थ आणायला जागाच नाही.

गवताचा हिशेबही त्याने केला नव्हता. घोडा दिवसाला आपल्या वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा खातो. हजार पौंडांच्या घोड्याला १५ ते २० पौंड. पाच घोडे, चार दिवस: ३०० ते ४०० पौंड, म्हणजे पन्नास पौंडी सहा ते आठ गठ्ठे. तो म्हणाला दहा, आणि घोड्यांची वजनं न विचारताच म्हणाला. वर दोन गठ्ठे जास्त मिळतायत तर कोण कुरकुर करेल?

मग तो फोटो. तो जाहिरातीत पहिलाच होता आणि सगळं त्यात होतं. पाइपचे सुबक कॉरल, मागे तांबूस-नारिंगी खवल्यांच्या सालीची उंच पाइन झाडं, कडेला तीन दोऱ्यांचे गवताचे गठ्ठे. आता बघा. ती साल पाँडेरोसा पाइनची, आणि पाँडेरोसा हे पश्चिमेकडचं झाड, ॲपलाचियन डोंगरात ते आपसूक उगवत नाही. तीन दोऱ्यांचा गठ्ठा शंभर पौंडांच्या वर जातो, तोही पश्चिमेकडचाच. पूर्वेकडे सर्रास दोन दोऱ्यांचाच दिसतो. दोऱ्यासुद्धा नारिंगी-निळ्या, पश्चिमेकडच्या राष्ट्रीय वनांत तणमुक्त गवताची खूण म्हणून चालतात तशा. एवढं सगळं समोर मांडलेलं असूनही चर्चा कशावर झाली, तर कॉरलला सावली आहे का यावर.

अनामतीमुळे तर खात्रीच पटली, हे मुद्दाम सांगतो. हजार पौंडांचा घोडा मूत्र धरून दिवसाला साधारण पन्नास पौंड घाण करतो. पाच घोड्यांची चार दिवसांची बेरीज हजार पौंड. काही खरे कॅम्पही साफ न करता निघालेल्यांकडून दंड घेतात. त्यामुळे ‘लीद अनामत’ ऐकल्यावर वाटलं, हा या धंद्यातला माणूस आहे. चोराने एवढाच अभ्यास केला होता आणि तेवढा पुरला. लीद टाकायची कुठे, हे विचारलं असतं तर तिथेच गाडी अडली असती. खऱ्या ठिकाणी त्याचं उत्तर एका वाक्यात मिळतं: अमुक नंबरच्या साइटमागे सिमेंटचा कप्पा आहे, ढकलगाडी आणि फावडं तिथेच.

असेच अजून प्रश्न विचारा, जे फक्त कॅम्पवाल्यालाच सुटतील. नळ कॉरलपासून किती फुटांवर? (घोड्याला दिवसाला ५ ते १० गॅलन पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त. शंभर फुटांवरून बादल्या वाहून बघा एकदा.) वीज ३० अँपियर की ५०? कॉरलमध्ये भुसा कसला घालता? काळ्या अक्रोडाचा भुसा चालत नाही, घोडा त्यावर नुसता उभा राहिला तरी काही तासांत खुरांना लॅमिनायटिस, म्हणजे आतून दाह, होऊ शकतो, आणि हे ज्याला माहीत नाही त्याने कधी घोडे ठेवलेले नाहीत. झाडांना हायलाइन (घोडे बांधायला उंचावर ताणलेला दोर) बांधू देता का, की खांब आहेत? जो बांधू देतो तो पट्ट्यांचं आपणहून सांगतो: दोन इंची रुंद पट्टे आणा, नुसता दोर सालीला लावायचा नाही.

उपग्रहाचं चित्र बघा. फुकट आहे. हॉर्स कॅम्प वरून लपत नाही: गोल रस्ता, कॉरलच्या चौकटी, तुडवलेली उघडी माती. आमच्या पत्त्यावर हिरवं शेत आणि एक पडवी. बहुतेक काउंट्यांमध्ये, म्हणजे इथल्या जिल्ह्यांमध्ये, जमिनीच्या मालकाचं नावही ऑनलाइन दिसतं. ते नाव आणि पैसे मागणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर ‘मी मॅनेजर आहे’ ऐकून विरघळू नका. बॅक कंट्री हॉर्समेन ही घोडेस्वारांची संघटना १९७३ पासून आहे, बऱ्याच राज्यांत तिच्या शाखा आहेत. जवळच्या शाखेला एक ईमेल टाकला की कोणता कॅम्प खरा आणि कोणत्या कॅम्पच्या चिखलात ट्रेलर रुततो, दोन्ही कळतं. सरकारी कॅम्प म्हणून कोणी पैसे मागत असेल तर पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह आहे ना ते बघा. अमेरिकेत तो शेवट फक्त सरकारी संस्थांनाच मिळतो. नाव हुबेहूब आणि शेवटी डॉट कॉम, अशी दुकानं आहेत.

फाटकाला कुलूप दिसलं तर तिथेच भांडत बसू नका. पहिलं काम पाणी आणि उतरायची जागा. जत्रेच्या मैदानांवर, ज्यांना इथे फेअरग्राउंड म्हणतात, तबेले असतात आणि बरेचदा रात्रीपुरते मिळतात. जवळच्या घोड्यांच्या डॉक्टरांना फोन केला तर रात्रीपुरती जागा देणाऱ्या पागा कुठे आहेत ते सांगतात. हे नंबर निघायच्या आधी कागदावर लिहून ठेवा, डोंगरात फोनला रेंज नसते.

आता सरकार आणि बँक. इथे माझा तोल सुटणार आहे, आधीच सांगतो.

आमच्या काउंटीचे शेरीफवाले, म्हणजे पोलीस, म्हणाले, फसवणूक घडली ती जागा दुसऱ्या काउंटीत, तिथे जा. तिथले म्हणाले, पैसे तुमच्या घरून गेले, तुमच्या काउंटीत जा. दोघांनी मिळून शेवटी एकच शब्द दिला: ‘सिव्हिल मॅटर’. म्हणजे नसलेल्या माणसावर, नसलेल्या पत्त्यावर दिवाणी दावा ठोका! राज्याच्या ग्राहक तक्रार खात्याच्या फॉर्ममध्ये व्यवसायाचा नोंदणीकृत पत्ता भरणं सक्तीचं. अहो, तो असता तर फॉर्म कशाला भरला असता? केंद्राचं पोर्टल स्वतःच लिहून ठेवतं की वैयक्तिक तक्रारी आम्ही सोडवत नाही. एक क्रमांक मिळतो, तो फ्रेम करून लावा. जाहिरातीच्या संकेतस्थळाने तत्परतेने ‘कारवाई’ केली, म्हणजे पान उडवलं, आणि पानासोबत आमचा पुरावाही. म्हणून तक्रार करायच्या आधी प्रत्येक पानाचे, प्रत्येक मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असे. आधी. नंतर नाही.

बँकेची बाई अतिशय गोड आवाजात पुन्हा पुन्हा विचारत होती, ‘बटण तुम्हीच दाबलंत ना?’ हो, आम्हीच दाबलं. संपलं. १९७८ च्या इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायद्याचं संरक्षण तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर आहे. फसवून का होईना, तुम्ही स्वतः पाठवलेत तर बँक हात वर करते. तेच क्रेडिट कार्डाने भरले असते तर १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याखाली, स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती: सेवा मिळालीच नाही. कार्ड घेत नाही म्हणणाऱ्या कॅम्पला एक रात्रीपेक्षा जास्त आगाऊ देऊ नका, आणि ॲपवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’, म्हणजे ओळखीतल्यांना दिलेले पैसे, म्हणून पाठवा म्हणाला तर फोन ठेवा. बँकेने नाही म्हटलं तरी ते लेखी मागा, तोंडी नकाराला पुढे किंमत नसते. एफबीआयच्या आयसीथ्री या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावरही त्याच दिवशी नोंद करा. पैसे परत मिळतील म्हणून नव्हे, तर तोच खाते क्रमांक आणखी दहा तक्रारींत निघाला तर कोणीतरी जुळवेल म्हणून.

पैशांपेक्षा जास्त झोंबलंय ते वेगळंच. ‘असेल तर पाठवा’ म्हणाला म्हणून पाचही कॉगिन्स त्याला पाठवल्या होत्या. त्या कागदावर मालकाचं नाव, घरचा पत्ता, घोडा बांधतात ती जागा आणि अंगावरच्या खुणांसकट घोड्याचं वर्णन असतं. डिजिटल असेल तर तिन्ही बाजूंचे फोटोही. म्हणजे कोणत्या घराला कोणत्या चार रात्री कुलूप असणार, हे आम्हीच त्याला लिहून दिलं. दुसरं, घोड्यांच्या खोट्या विक्रीच्या जाहिरातींना असेच फोटो आणि असेच कागद लागतात. आमच्यातल्या एका घोडीचे फोटो अशाच एका जाहिरातीत सापडले, किंमत ३,५०० डॉलर, ‘मुलांना शिकवायला उत्तम’. ते पान उतरवून घ्यायलाही पोलीस रिपोर्टचा क्रमांक मागतात, आणि तो मिळवायला पुन्हा त्याच दोन शेरीफांच्या दारात.

त्यामुळे कॉगिन्स आगाऊ मागितलीच तर पत्ता आणि बारकोड झाकून पाठवा, फोटोंवर तारीख आणि ‘फक्त कॅम्प बुकिंगसाठी’ असं आडवं लिहा. पूर्ण कागद फाटकापाशी हातात दाखवा. खरा मालक त्याला कधीच नाही म्हणत नाही, त्याला चाचणीची तारीख, निकाल आणि समोर उभा असलेला घोडा तोच आहे ना, एवढंच बघायचं असतं.