ग्रीनकार्डचे टेलिग्राम ग्रुप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असणारे ग्रीनकार्डची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, वाट बघत या ग्रुपवर एकमेकांच्या अर्जांची माहिती देतात-घेतात. थेट तक्रारीवर येऊ: शेजारचे रिसीट नंबर (अर्ज दाखल झाल्यावर मिळणारे केस नंबर) तपासत बसण्याचं खूळ.

"माझ्या पुढच्या दहातले सात झाले, आता माझाच!" ईएसी, डब्ल्यूएसी अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या नंबरांत याला थोडा तरी आधार होता. अक्षरांनंतरचे दोन आकडे १ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या सरकारी वर्षाचे, पुढचे तीन त्या वर्षातल्या कामाच्या दिवसाचे, उरलेले पाच अनुक्रमाचे. ऑनलाइन यंत्रणेतून मिळणारा, आयओईने सुरू होणारा नंबर तसा वाचता येत नाही. शिवाय आय-४८५ मध्ये (अमेरिकेत राहूनच करायच्या ग्रीनकार्डच्या अर्जात) शेजारचा अर्ज अमेरिकन नागरिकाच्या बायकोचा असू शकतो. तिला कोटाच नाही. भारतात जन्मलेल्या ईबी-२ वाल्याची (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या कॅटेगरीतल्याची) गाडी प्रायॉरिटी डेटवर (पीडी, म्हणजे रांगेतली तारीख) आणि दर देशाच्या ७ टक्क्यांच्या मर्यादेवर अडते. शेजाऱ्याचं कार्ड छापलं म्हणून ती हलत नाही.

ट्रॅकर शीटचीही (सगळ्यांनी आपापल्या केसची माहिती भरायची सामायिक शीट) तीच गत. कॅटेगरी, पीडी, रिसीटची तारीख, ऑफिस, आरएफई (जादा कागदपत्रांची मागणी) आला का, उत्तर कधी दिलं, एवढं भरलं तर उपयोग. लोक लिहितात, "अप्रूव्ह्ड, थँक्यू ग्रुप!" आणि नामंजूर झालेले गप्प बसतात, म्हणून सरासरी कायम गोड दिसते.

पहिल्या महिन्यात दोनच तारे दिले असते. मत बदललं ते पिन केलेल्या मेसेजमुळे. नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायला मिळणारे ६० दिवस नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून मोजायचे, सेव्हरन्सचे (नोकरी जाताना कंपनी देते ते) पैसे संपल्यापासून नाही. आय-९४ (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) आधी संपत असेल तर तेवढेच. त्या आत नव्या कंपनीची पिटिशन (तुमच्यासाठी कंपनीने करायचा एच-१बीचा अर्ज) दाखल व्हायला हवी. घाबरलेल्या माणसाला हे रात्री दोन वाजता फुकटात मिळतं. १९ सप्टेंबर २०२५ ला एच-१बीवरच्या एक लाख डॉलरच्या फीची घोषणा झाली तेव्हाही, ती फक्त नव्या पिटिशन्सना लागू असल्याचा यूएससीआयएसचा (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा) मेमो दुसऱ्या दिवशी इथेच हाती आला. त्याआधीचे फॉरवर्ड मात्र विमानातून उतरायला लावणारे होते.

पैसे भरून मिळणाऱ्या 'व्हीआयपी' चॅनलला हात लावू नका. तिथेही तीच शीट. व्हिसा बुलेटिन (कुठल्या पीडीपर्यंत पाळी आली ते सांगणारं सरकारी पत्रक) दर महिन्याला फुकट येतं. त्यातला कुठला तक्ता अर्ज भरायला चालेल, ते यूएससीआयएस वेगळं सांगतं. 'डेट्स फॉर फायलिंग' (नुसता अर्ज भरता येण्याच्या तारखांचा तक्ता) पुढे सरकल्या की ग्रुपवर पेढे वाटले जातात. कार्ड मिळतं ते 'फायनल अॅक्शन'च्या दुसऱ्या तक्त्यावर.

नोटिफिकेशन बंदच ठेवा. नोटिशीचा फोटो टाकताना रिसीट नंबरचे शेवटचे पाच आकडे झाका. पूर्ण नंबर असला की तुमचं स्टेटस कुणालाही बघता येतं.