गोल्डफॉइल पिकअपच्या नादात ३८,००० येन गेले

टोकियोत निशिकासाईला राहतो. सुट्टीच्या दिवशी जुन्या जपानी इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करतो: टीस्को, गुयाटोन, कावाई ह्या कंपन्यांच्या. साठच्या दशकात स्वस्तात विकलेल्या, प्लायवूडच्या, पण आवाजाला स्वतःचा स्वभाव असलेल्या. मे महिन्यात अशाच एका टीस्कोत मी फसलो. तुमच्यापैकी कुणी ह्या वाटेला जाणार असेल तर आधी हे वाचा.

जुन्या वस्तूंच्या ॲपवर जाहिरात होती. ‘वडिलांनी १९६५ साली इथेच नवी घेतली, मग कपाटात पडून राहिली. सगळं मूळचं.’ मला पटलं. त्या वर्षी जानेवारीत व्हेंचर्स ह्या अमेरिकन गिटार बँडचा दौरा झाला आणि जपानभर ‘एलेकी’ची, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारीची, लाट उसळली, पोरापोरांनी गिटारी घेतल्या. फोटोत सोनेरी जाळीचे दोन पिकअप, म्हणजे तारांची कंपनं पकडून अँप्लिफायरकडे पाठवणारे चुंबकी भाग, दिसत होते. ह्यांनाच गोल्डफॉइल म्हणतात. माझी नजर तिथून हललीच नाही.

खरी गोम ह्या पिकअपमध्ये आहे. राय कूडर ह्या अमेरिकन गिटारवादकाने टीस्कोचा असा एक पिकअप आपल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारीत बसवला, तेव्हापासून ह्या स्वस्त मालाला जगभर मागणी आली. मग पिकअप काढून वेगळे विकायचे आणि उरलेला सांगाडा ‘मूळची गिटार’ म्हणून खपवायचा, हा धंदा सोपा होतो.

ॲपवर आपण ‘वस्तू मिळाली’ असं नोंदवेपर्यंत पैसे अडवून ठेवलेले असतात. नोंदवलं की ते विकणाऱ्याला मिळतात आणि व्यवहार संपतो. गिटार आली त्याच संध्याकाळी त्याचा फार नम्र निरोप आला: जमल्यास आजच नोंदवाल का? मी अँप्लिफायरला जोडून पाहिली, दोन्ही पिकअप वाजले, आणि नोंदवून मोकळा झालो.

शनिवारी स्क्रॅचप्लेट, म्हणजे पिकअपभोवतीची वरची प्लेट, उघडली. डाख ताजा, चकचकीत. तारांवरचं आवरण नवं. मी आजवर उघडलेल्या टीस्को गोल्डफॉइलमध्ये रबरासारखा मऊसर चुंबक होता. इथे कडक पट्टी. जाळ्यांच्या कडांना तपकिरी डाग चोळून जुनेपणा आणलेला. प्लेटच्या मागे जुन्या स्क्रूंच्या भोकांशेजारी नवी भोकं. म्हणजे मूळचे पिकअप काढून नकली बसवलेले.

नेकचं, म्हणजे गिटारीच्या दांड्याचं, दुखणं तर त्याहून मोठं. सगळे फोटो समोरून काढलेले. हेडस्टॉकच्या (खुंट्यांच्या) टोकाकडून एक डोळा मिटून पाहिलं तेव्हा पीळ दिसला. ह्या गिटारींच्या नेकमध्ये फिरवून ताण बदलता येईल असा ट्रस रॉड (आतली सळई) अनेकदा नसतो, आत नुसती पोलादी पट्टी. साधा बाक असेल तर ऊब देऊन, फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काढून, त्यांखालची फळी घासून बरंच काही साधतं. पिळापुढे मात्र हात टेकावे लागतात.

आणि हेडस्टॉकवरचा बिल्ला! ‘टीस्को डेल रे’. हे नाव अमेरिकेला पाठवायच्या गिटारींवर असायचं. वडिलांनी टोकियोतल्या दुकानातून घेतलेल्या गिटारीवर ते येईल कुठून? बिल्ला जाहिरातीच्या पहिल्याच फोटोत होता. ही गोष्ट मला माहीत होती, तरी मी ती त्या कहाणीशी ताडून पाहिली नाही, ह्याचं वाईट वाटतं.

जाब विचारला तेव्हा विकणाऱ्याने एका ओळीत उत्तर दिलं, ‘तक्रार आणि परतफेड नाही, असं लिहिलं होतं.’ पुढे त्याने मला ब्लॉक केलं.

आता मी पैसे द्यायच्या आधी दोन फोटो मागतो: पिकअपची मागची बाजू आणि हेडस्टॉककडून दिसणारा नेक. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबतो. गिटार आली की आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो. ‘मिळाली’ हे बटण त्यानंतर, ॲपवरची नोंदवायची मुदत संपायच्या आत. समोरचा कितीही गोड बोलला तरी.

गिटार मी टाकणार नाही. फ्रेट काढून झालेत, फळी घासतो आहे. तिचे पिकअप कुणीतरी कुठेतरी विकत असेल. सुटी गोल्डफॉइल जोडी घेताना ती कुठल्या गिटारीतून काढली, आणि ती गिटार आता कुठे आहे, एवढं विचारा.