बीबीएची फी समजून आप्पांच्या नावावर कर्ज निघालं, कोणी फसू नका

लांबलचक आहे पण घरात बारावी झालेलं पोरगं असेल तर वाचाच. २०२४ ची गोष्ट, त्याच वर्षी बीबीए-बीसीए एआयसीटीईखाली (तंत्रशिक्षण बघणारी केंद्राची परिषद) गेलं अन् त्याला सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा आली, आमच्या घरी कोणाला पत्ताच नव्हता, भावाने दिलीच नाही. मग पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटचे फोन सुरू, नंबर कुठून मिळाला देव जाणे. सीईटी नको, लॅपटॉप फ्री, १००% प्लेसमेंट वगैरे. आप्पा बार्शीहून भावाला घेऊन गेले. दोन मजले भाड्याचे, खाली मोबाईलचं दुकान, पण रिसेप्शन असलं चकाचक की आप्पांनी चपला बाहेर काढल्या.

तीन वर्षांची फी २ लाख ८० हजार. ४० हजार तिथंच भरले, बाकीचं "काका टेन्शन घेऊ नका, महिना १० हजार, व्याज शून्य" म्हणत काउन्सेलर पोरीने आधार-पॅन घेतलं, टॅबवर फोटो काढला आणि आप्पा एकेक ओटीपी वाचून दाखवत गेले. त्यातला एक लोन ॲग्रीमेंटचा होता, एक ऑटो डेबिटचा. पावती इन्स्टिट्यूटच्या नावाची, त्यामुळे आम्ही सगळे समजलो फीचे हप्ते आहेत.

ते होतं फायनान्स कंपनीचं २४ महिन्यांचं कर्ज, अन् अख्खे २ लाख ४० हजार इन्स्टिट्यूटला पहिल्याच आठवड्यात मिळालेले. मेख इथंच आहे, पैसे पोचल्यावर तुम्ही शिका नाहीतर घरी बसा, त्यांना काय. मार्केटिंगचे सर दोन महिन्यात गेले ते गेलेच. डिग्री बाहेरच्या राज्यातली डिस्टन्स निघाली, अशी फ्रँचायझी चालवायला यूजीसीची (विद्यापीठांवर लक्ष ठेवणारा आयोग) परवानगीच नाही हे मला फार उशिरा कळलं. भावाने डिसेंबरात सोडलं. रिफंड मागितला तर म्हणे लोन आहे, फायनान्सवाल्यांशी बोला, ते म्हणतात कॉलेजशी बोला.

सहा हप्ते भरून थांबवलं तर दरवेळी बाउन्स चार्ज, रोज फोन, एकदा तर शेजाऱ्यांना पण लावला. नंतर आप्पा पीक कर्जाला गेले, साहेबांनी सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) बघून परत पाठवलं. (सरकार सांगतं पीक कर्जाला सिबिल बघू नका, बँका बघतातच.) सोयाबीनची पेरणी मामाच्या पैशावर झाली.

आणि चीड कशाची येते, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीईटी परत घेतली होती, तरी कितीतरी सीटा रिकाम्या राहिल्या!

तर ओटीपी सांगायच्या आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा, म्हणजे कर्जाच्या माहितीचा कागद, कर्ज किती, व्याज किती, हप्ते किती, सगळं त्यात असतं. ॲपवरून घेतलेल्या अशा कर्जात सुरुवातीच्या ठराविक मुदतीत माघार घेता येते, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आधी फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसात काही झालं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे, माहितीला १४४४८. इन्स्टिट्यूटसाठी ग्राहक हेल्पलाईन १९१५. मी दोन्हीकडे केलीय, बघू.

भावाची ओरिजिनल मार्कशीट अजून इन्स्टिट्यूटकडेच आहे, ठेवून घ्यायची नाही असा यूजीसीचा नियम असून. सोमवारी परत फोन केला तर तीच काउन्सेलर, म्हणाली ताई मी पण सोडतेय, तीन महिने पगार नाही.