मुलांना घेऊन चालायला: भाजे की सिंहगड?

सिंहगडाला पायथ्याच्या आतकरवाडीतून चढायचं तर सहा-सात वर्षांचं पोर अर्ध्या वाटेत "अजून किती?" सुरू करतं. वर मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी आहे, हे आमिष तेवढं चालतं. रविवारी गर्दी मात्र नकोशी.

लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांना जायला मळवली स्टेशनवर लोकलमधून उतरलं की गंमत सुरूच! एक्सप्रेसवेवरच्या पुलावर आमची धाकटी ट्रक मोजत बसली, हलेचना. पुढे भातखाचरं, चिखलात खेकड्यांची बिळं, मग पायऱ्या. वर 22 लेणी, एकीकडे 14 दगडी स्तूपांचा घोळका. त्यांच्याभोवती लपाछपीचा मोह होतो, तेवढं आवरावं लागतं. लहानग्यांना भाजेच, सिंहगड पोर दहा वर्षांचं झाल्यावर.