घरी न्यायचं पाकीट की अंगणवाडीतलं गरम जेवण?

अंगणवाडीत तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना आहार घरी न्यायला मिळतो, तीन ते सहाच्या मुलांना तिथेच शिजवलेला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात मुळात दोन्ही कागदावर सारखेच होते: ५०० कॅलरी, १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं.

फरक घरात कळतो. पाकीट आलं की ते एकट्या धाकट्याचं राहत नाही. थोरली भावंडंही त्यातलंच खातात. आईला काय बोलणार, चूल एकच! गरम जेवण मात्र त्याच मुलाच्या पोटात जातं, शिवाय पोर रोज समोर दिसत असल्यानं ते रोडावलं तर सेविकेच्या नजरेतून सुटत नाही.

पण कोकणातल्या वाड्या विखुरलेल्या. पावसात पऱ्या भरून वाहू लागला की चार वर्षांचं पोर पलीकडे पाठवणार कोण? त्यात जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे खलाशाच्या घरात पैसाही आटलेला. तेव्हा पाकीटच बरं.

एरवी माझा कौल गरम जेवणालाच. पावसात संपर्क तुटणाऱ्या वाड्यांतल्या तीन ते सहाच्या मुलांनाही तेवढ्या दिवसांपुरता शिधा घरपोच मिळावा, ही मागणी मे महिन्यातच ग्रामसभेत मांडावी.